बाटली उघडायला दहा मुलं लागतात

माझी वहिनी बोलुंबू लग्न होऊन आमच्या बोएंगा गावात आली तेव्हा मी नुकती वयात आले होते. ती माझ्या भावापेक्षा, बोफाकापेक्षा, थोडी मोठीच असावी. आमच्याकडे त्याचं कुणाला काही वाटत नाही. पण मूल लवकर झालं नाही की मग सगळ्यांना सगळंच वाटायला लागतं. तिचं पहिलं पोटातच गेलं. दुसरं जन्माला आलं आणि रडलंच नाही. त्यानंतर बरीच वर्षं काही नाही. ती त्याबद्दल चकार शब्द काढायची नाही, क्वांगा करत राहायची. कसाव्याची मुळं नदीकाठच्या खड्ड्यात भिजत घालायची, आंबली की सोलायची, कुटायची, मळायची, पानांत बांधून वाफवायची. बोटी काठाला लागल्या की खलाशी आधी तिचं नाव घेऊन विचारायचे. ती नसली तर पुढच्या गावात घेऊ म्हणायचे.

मग तिला दिवस राहिले. मलाही त्याच सुमारास राहिले होते. मला तिसरा मुलगा झाला, लोकुली. त्याच्या थोडं आधी तिला मुलगी झाली. नाव ठेवलं एक्झोसे, म्हणजे जिच्यासाठी केलेली प्रार्थना ऐकली गेली ती. माझा भाऊ एरवी मासेमारीच्या तळावर महिनेच्या महिने काढायचा, त्या वर्षी तो दर पंधरवड्याला काहीतरी निमित्त काढून घरी यायला लागला. पोरगी गोलमटोल होती, पायाला वळ्या पडलेल्या, आणि कुणाच्याही कडेवर जायची.

वहिनीला त्या पोरीच्या बाबतीत एकच ध्यास होता, टोचून घेण्याचा. लहान असताना तिच्या माहेरी गोवर आला होता आणि तिची दोन भावंडं एका आठवड्यात गेली. तिच्या आईने धाकट्याला पुरलं आणि घरी येऊन पाहिलं तर मधली गेलेली. हे तिने मला एकदाच सांगितलं, क्वांगा बांधता बांधता, आणि परत कधी विषय काढला नाही. पण इकोलो गावच्या नर्सने जेव्हा सांगितलं की गोवराची लस मुलाला नववा महिना संपला की मिळते, तेव्हापासून ती वाटच बघत होती.

आमच्या गावात दवाखाना नाही. नदीच्या खालच्या अंगाला इकोलो आहे, तिथे पत्र्याच्या छपराचा एक आहे. सकाळी होडी काढली तर ऊन डोक्यावर येईतो पोचतो. परतताना प्रवाहाविरुद्ध वल्हवायचं, त्यात दिवस मावळतो. तिथे लिक्वेला नावाचे नर्स होते. एकटेच होते, म्हणून सगळे त्यांना डॉक्टरच म्हणायचे. माणूस वाईट नव्हता. बाळंतपणं करायचा, जखमा शिवायचा, कित्येकदा सरकारी पगार महिनोन्‌महिने यायचा नाही तरी दवाखाना उघडायचा.

पहिल्या खेपेला वहिनी गेली आणि तशीच परत आली. "चारच मुलं होती म्हणून टोचलं नाही," एवढंच म्हणाली. पुढच्या महिन्यात लोकुलीचाही नववा महिना संपला होता, म्हणून मीही तिच्यासोबत गेले. लिक्वेला बाहेर आले आणि बाकावर बसलेल्या आम्हा बायांवरून त्यांनी नजर फिरवली.

"गोवराची किती?"

"सात," कुणीतरी म्हणालं.

"मग आज गोवराची नाही. बाकीच्या लसींसाठी असतील त्या थांबा."

वहिनी उठून उभी राहिली. "डॉक्टर, मागच्या वेळीही असंच म्हणालात."

"मागच्या वेळी चार होती."

"आज सात आहेत."

"बाई, एका बाटलीत दहा मुलांची लस असते. आत पावडर असते. पाणी घालून एकदा उघडली की संध्याकाळपर्यंतच चालते, उरलेली फेकायची. तीन मुलांची फेकली की वरून विचारणार, का फेकली? आणि पुढच्या वेळी कमी पाठवणार. माझ्याकडे तीनच बाटल्या आहेत. आता तुम्हीच सांगा मी काय करू."

"उघडा," वहिनी म्हणाली.

"दहा जमवून आणा. त्याच क्षणी उघडतो."

मागून एक बाई म्हणाली, "माझी तिन्ही मोठी आणून बसवते की बाकावर. मिशा फुटायच्या आहेत अजून, चालतील का?" सगळ्या हसल्या. लिक्वेलाही हसले. वहिनीने पोरीला पाठीवर घेतलं, कापडाची गाठ मारली आणि काठाकडे चालायला लागली. येताना होडीत ती वल्हं असं मारत होती की माझ्या अंगावर पाणी उडत होतं.

त्यानंतरचा महिनाभर ती गावात बायांच्या मागे लागली. ज्यांची ज्यांची मुलं त्या वयाची होती त्या सगळ्यांच्या दारात गेली. आमच्या घरापासून जवळच इफासो राहते. तिला चार मुलं, सगळ्यात धाकटा तेव्हा रांगत होता. तिने वहिनीला दारातच सुनावलं.

"तुला एकच आहे बाई, म्हणून तुला नदीत फिरायला वेळ आहे. माझ्या तिघांना कुणी टोचलं होतं? वाढलीच ना?"

"गोवर आला नाही म्हणून वाढली."

"तू आणतेयस का आता, नाव घेऊन घेऊन?"

त्या खेपेला पाच जणी निघालो. खालच्या गावांतल्या धरून दहा होतील असा वहिनीचा हिशेब होता, आणि झालीही असती. पण इकोलोला पोचलो तर लिक्वेला पायरीवर डोक्याला हात लावून बसले होते. फ्रीजच्या सोलरची बॅटरी गेली होती. किती दिवस गेली होती ते त्यांनाही नीट कळलं नव्हतं, कारण ते एका अडलेल्या बाळंतिणीसाठी दुसऱ्या गावी गेले होते. तिन्ही बाटल्या गरम झाल्या होत्या. त्यांनी त्या मागच्या खड्ड्यात टाकून दिल्या. एकही उघडलेली नव्हती.

परतताना बिअरची बोट आम्हाला आडवी गेली. तिच्यावर बर्फाच्या लाद्या होत्या, भुशात गुंडाळलेल्या, आणि वर ताडपत्री. वहिनी त्या बोटीकडे ती दिसेनाशी होईपर्यंत बघत होती.

गोवर आला तो एका मोठ्या लाकडी बोटीतून. तिचं इंजिन बिघडलं म्हणून ती आमच्या काठाला थांबली. माणसं खाली उतरली, चुली मांडल्या. एका बाईच्या मांडीवर खोकणारं मूल होतं, डोळे लाल, नाक वाहतंय. आमची पोरं तिथेच खेळत होती. बोट दुरुस्त होऊन गेली. मग आधी काठाजवळच्या घरात एक मूल तापलं, मग त्याच्या शेजारी दोन. म्हाताऱ्या बायांनी अंगावरचं बघितलं आणि दारं लावून घ्यायला सांगितलं. मुलाला बाहेर काढायचं नाही, अंगाला पाम तेल चोळायचं, आणि सुई तर मुळीच नको. सुई टोचली की गोवर आत वळतो आणि छातीत बसतो, असं आमच्याकडे पिढ्यानपिढ्या मानतात.

एक्झोसेला ताप आला तेव्हा तिच्या अंगावर काही नव्हतं. नुसती डोळे चोळायची. वहिनीने मला बोलावून घेतलं आणि पोरीचं तोंड उघडून दाखवलं. आत गालाला पांढरे बारीक ठिपके होते.

"हेच," ती म्हणाली. "माझ्या भावाला असेच होते."

पुरळ कानामागून आलं आणि सगळ्या अंगावर उतरलं. मग तोंड आलं, इतकं की पोरगी दूध ओढायची आणि किंचाळून सोडून द्यायची. वहिनी स्वतःचं दूध चमच्यात पिळून तिच्या जिभेवर सोडायची. ते ओघळून जायचं. भाऊ तळावर होता, त्याला निरोप पाठवला होता, पण निरोप पोचेल तेव्हा पोचेल. सासूबाई, म्हणजे माझी आई, पोरीला घराबाहेर काढू नको म्हणून दारात आडवी बसली होती. मग पोरीचा श्वास खडखडायला लागला. छातीच्या फासळ्यांखाली खड्डा पडायचा प्रत्येक श्वासाला. वहिनी उठली, आईला म्हणाली, "आई, बाजूला व्हा," आणि आई झाली. मी दुसरं वल्हं घेतलं.

लिक्वेलांनी पोरीला लगेच आत घेतलं. जे होतं ते सगळं केलं त्यांनी. तोंडात औषधाचे थेंब सोडले, इंजेक्शन दिलं, छातीला कान लावून बसले. ऑक्सिजन तिथे नव्हता, तालुक्याच्या दवाखान्यात होता, आणि तो दोन दिवस लांब. पोरगी वहिनीच्या मांडीवर होती. दुपार कलली तसं तिने धापा टाकणं थांबवलं आणि मला वाटलं की आराम पडला.

लिक्वेलांनी हात लावून बघितलं. मग दोन बोटांनी तिचे डोळे मिटवले.

वहिनी रडली नाही. तिने पोरीच्या तोंडावरून कापडाचं टोक फिरवलं, ओठांवरची खपली पुसली. मग तिने मान वर केली.

"डॉक्टर, गोवराची बाटली आहे का आता?"

लिक्वेला गोंधळले. "आता? आता काय..."

"आहे का?"

"आहे. नवी बॅटरी आली, तिच्याबरोबर एक बाटली आलीय. एकच."

"दहा मुलं लागतात ना?"

ते "हो" म्हणाले, आणि खिडकीपाशी जाऊन आमच्याकडे पाठ करून उभे राहिले.

पोरीला बोएंगात आणून आमच्या घराच्या मागे पुरलं. भाऊ दुसऱ्या दिवशी आला. त्याने तळावरून तिच्यासाठी लहानसं कासव आणलं होतं खेळायला, ते होडीतच राहिलं आणि नंतर कुणीतरी नेऊन शिजवलं.

आमच्याकडे मूल गेलेल्या बाईने काही दिवस घराबाहेर पडायचं नसतं. जमिनीवर झोपायचं, केस विंचरायचे नाहीत. वहिनी दोन रात्री झोपली तशी. तिसऱ्या दिवशी सकाळी तशाच विस्कटलेल्या केसांनी ती निघाली आणि काठाजवळच्या पहिल्या घरात शिरली. तिथलं लहान मूल अजून आजारी पडलं नव्हतं. ती आईला म्हणाली, "मला हे मूल दे, मी इकोलोला नेऊन टोचून आणते. बाटली आहे. दहा लागतात."

ती बाई घाबरून मूल घेऊन आत पळाली.

वहिनी पुढच्या घरी गेली, मग त्याच्या पुढच्या. प्रत्येक ठिकाणी तेच. मुलाकडे बोट करायची आणि आकडा म्हणायची. ती कशी दिसत होती ते मी बघितलं आहे. डोळे आत गेलेले, अंगावर आदल्या दिवसांची माती, छाती दुधाने भिजलेली. आपली स्वतःची काय अवस्था आहे याचं तिला भान नव्हतं. संध्याकाळपर्यंत गावभर एकच बोलणं होतं.

"स्वतःचं गेलं, आता त्याच्या सोबतीला दहा हवीत."

ते आधी कोण म्हणालं कुणास ठाऊक. इफासो ते सगळ्यांना सांगत होती एवढं मला माहीत आहे. दुसऱ्या दिवशी वहिनीच्या क्वांग्याच्या खड्ड्यात कुणीतरी घाण टाकली. पोरं तिच्यामागे "चेटकीण" म्हणत लांबून चालायला लागली, आणि कुणी त्यांना हटकलं नाही. आमच्याकडे हा शब्द एकदा चिकटला की सहजी निघत नाही. मूलबाळ नसलेल्या, उशिरा झालेल्या, झालेलं गेलेल्या बाईला तो फार लवकर चिकटतो.

भावाने तिला हाताला धरून घरात आणलं. मी तिथेच होते.

"बोलुंबू, बस कर," तो म्हणाला. "माझ्याकडे बघ. लोक काय बोलतायत ऐकलंस?"

"ऐकलं."

"मग?"

"काठाजवळची आणखी दोन तापली आहेत. जी तापली नाहीत त्यांना अजून वेळ आहे."

"आपली गेली ना आता. कुणासाठी करतेस?"

ती त्याच्याकडे बघत राहिली, जणू हा प्रश्न तिला कळलाच नाही. मग माझ्याकडे वळली. "एकिला, तुझा लोकुली दे."

मला खोटं बोलायचं नाही, मी आधी लोकुलीला छातीशी ओढलं. पण मी त्या बाकावर तिच्या शेजारी बसले होते. मला माहीत होतं की बाटलीत काय असतं. मी म्हणाले, "देते. मी पण येते."

माझं बघून माझ्या दोन जावा तयार झाल्या. मग शाळेच्या मास्तरांच्या बायकोने तिची जुळी दिली. तिने मास्तरांना विचारलंही नाही. असं करत करत चार दिवसांत आम्ही नऊ जमवली. त्या चार दिवसांत गावात तीन मुलं पुरली गेली. नवव्यानंतर मात्र कुणी मिळेना. खालच्या गावांत आता कुणी होडी लागू देत नव्हतं, बोएंगाची माणसं रोग आणतात म्हणून. नऊ घेऊन जाऊ, पाया पडू, असं मी म्हणाले. वहिनीने मान हलवली. "सातांनाही नाही म्हणाला होता."

त्याच संध्याकाळी इफासो आली. तिचा तिसऱ्या नंबरचा मुलगा गोवराने पडला होता, डोळे उघडत नव्हता. ती आमच्या अंगणाच्या कडेला उभी राहिली, आत आली नाही. पाठीवर धाकटा होता.

"तू खरंच टोचून आणतेस ना?" ती वहिनीला म्हणाली. "मला खरं सांग. दुसरं काही नाही ना?"

"दुसरं काही नाही."

"मग हा घे. ह्याच्या भावाला सोडून मला येता येणार नाही."

वहिनीने मूल घेतलं. त्याच्या कपाळाला गाल लावला. मी बघत होते, तिचा चेहरा बदलला.

"हा गरम आहे."

"उन्हात होता दिवसभर. उन्हाचं आहे ते." इफासोचा आवाज फाटला. "घेऊन जा गं त्याला. एवढं कर."

वहिनी त्या मुलाला घेऊन बराच वेळ उभी होती. तिला काय वाटत होतं ते तिने मला पुढे कधीतरी सांगितलं. तिला संशय आला होता. पण त्याला नाही म्हटलं असतं तर तो घरात पडलेल्या भावाशेजारीच राहिला असता, आणि बाकीच्या नवांची बाटलीही उघडली नसती. तिने त्याला पाठीला बांधलं.

सकाळी दोन होड्या निघाल्या. मुलं रडत होती, ऊन होतं, एक होडी गळत होती, आम्ही पाळीपाळीने पाणी उपसलं. लिक्वेलांनी आम्हाला काठावरून येताना बघितलं आणि धावत खाली आले. त्यांनी एक अक्षर विचारलं नाही. आत गेले, बाटली काढली, पाणी घालून हलवली. एकेका मुलाचा दंड पुसून सुई टोचत गेले. इफासोच्या मुलाचा ताप त्यांनी बघितला आणि म्हणाले, थोडा ताप असला तरी लस देता येते, लसीने त्याला काही होणार नाही. पण गोवर आधीच आत शिरला असेल तर ती उशिरा पोचेल, ते आता कुणाच्या हातात नाही. वहिनीने ऐकलं. मुलाचा हात तिनेच धरून ठेवला होता.

त्या मुलाच्या अंगावर थोड्याच दिवसांत पुरळ आलं. मोठा भाऊ वाचला, त्याची एका डोळ्याची नजर तेवढी गेली. धाकटा गेला.

इफासो रस्त्यावर लोळत ओरडत होती, "दहा मागितली होती तिने, माझं घेतलं!" तिला काय सांगणार होतं कोण? नऊ मुलं धडधाकट आहेत हे कुणाला दिसलं नाही. धडधाकट मूल दिसतच नाही कुणाला, ते तसंच असायचं असतं. गावप्रमुखाने न्यायाला माणसं बसवली. मी बोलायला उठले तर माझ्या नवऱ्याने मला खाली बसवलं. मास्तरांची बायको बोलली, पण ती बाहेरगावची. वहिनीला विचारलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "तो गरम होता. मला कळलं होतं. तरी नेला." हे तिने का म्हणावं? तेवढंच सगळ्यांनी धरलं.

तिला गाव सोडायला सांगितलं. माझ्या भावानेच तिला होडीतून इकोलोला सोडलं. तो तिथे राहिला नाही. त्याचा तळ, त्याची जाळी, त्याचे भाऊबंद सगळे इकडे. काही दिवस तो आठवड्याला जाऊन मासे देऊन यायचा, मग महिन्याला, मग त्याने दुसरी बायको केली. मी त्याच्याशी अजून बोलते, पण त्या विषयावर नाही.

गोवर आमच्या गावात पावसाळा लागेपर्यंत राहिला. आमच्या घरामागे, मास्तरांच्या घरामागे, चर्चच्या कडेला, सगळीकडे लहान लहान उंचवटे झाले. त्या नवांपैकी एका पोरीला गोवर आला, पण हलका. बाकी कुणाला नाही.

सगळं उरकल्यावर तालुक्याहून मोठे डॉक्टर आले. त्यांच्यासोबत खोके होते, माणसं होती, बाटल्या होत्या भरपूर. इकोलोच्या अंगणात सगळ्या गावांची मुलं बोलावली. मी त्या दिवशी तिथे होते. वहिनी तेव्हा दवाखान्याचं पाणी भरायची, झाडायची, लिक्वेलांनी तिला मागची खोली दिली होती. मोठ्या डॉक्टरांनी लिक्वेलांना विचारलं, ही मुलं आधी का नाही टोचली? लिक्वेलांनी खरं ते सांगितलं. दहा जमत नव्हती.

डॉक्टर म्हणाले, "दहा कशाला? एक मूल आलं तरी बाटली उघडायची. नियम तोच आहे. वाया गेली तर जाऊ द्यायची."

लिक्वेला म्हणाले, "मला कुणी सांगितलं नाही. मला तर बाटली वाया गेली की जाब विचारतात."

"कोण विचारतं?"

लिक्वेला त्यांच्याकडे बघत राहिले. जाब विचारणारे कागद तर या डॉक्टरांच्याच कार्यालयातून यायचे. डॉक्टरांच्याही ते ध्यानात आलं असावं, त्यांनी चष्मा काढून पुसला.

वहिनी कळशी घेऊन तिथेच उभी होती. मला वाटलं ती आता ओरडेल, कळशी फेकेल. तिने कळशी हळूच खाली ठेवली.

"पहिल्या खेपेला चार होती," ती म्हणाली. "माझी धरून."

डॉक्टरांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

"म्हणजे आता एकासाठीही उघडाल?"

"हो बाई. उघडलीच पाहिजे."

"आणि संपल्या की लगेच पाठवाल? बर्फातून?"

यावर त्यांनी "प्रयत्न करू" म्हटलं. सगळेच तसं म्हणतात, आणि बिअरची बोट मात्र दर आठवड्याला येते.

लिक्वेला त्या दिवसापासून एका मुलासाठीही बाटली उघडतात. मग महिन्याच्या मध्यातच बाटल्या संपतात. मग वहिनी लसींचा रिकामा डबा मांडीवर घेऊन मिळेल त्या बोटीने खाली तालुक्याला जाते आणि कार्यालयाच्या दारात बसून राहते, ते देईपर्यंत. एकदा तिला हाकलून दिलं, ती दुसऱ्या दाराने आत गेली. तिला तिथे सगळे ओळखतात आणि कुणालाच ती आवडत नाही. हसताना मी तिला पुन्हा बघितलं नाही. तिची तब्येत आता खालावली आहे, रात्र रात्र जागी असते म्हणतात.

गेल्या वर्षी मला आणखी एक मूल झालं, मुलगी. नववा महिना संपल्यावर मी तिला घेऊन निघाले, तर काठावर इफासो उभी होती, कापडात मूल गुंडाळून. माझ्याच होडीत आली. पूर्ण वाटेत ती काही बोलली नाही, मीही नाही. दवाखान्यात मुलांना धरायचं काम वहिनीच करते. इफासोची पाळी आली तेव्हा वहिनीने हात पुढे केले. इफासोने मूल तिच्या हातात दिलं नाही. स्वतःच बाकावर बसली, स्वतःच मांडीवर धरलं, आणि लिक्वेलांकडे बघून दंड पुढे केला. वहिनीने हात मागे घेतले. सुई टोचून झाली, मूल रडलं. वहिनी मला हळूच म्हणाली, "झालं ना टोचून? मग झालं." आणि पुढच्या बाईला हाक मारायला गेली.

येताना अर्ध्या वाटेवर इफासोने पहिल्यांदा तोंड उघडलं.

"ताप येईल का गं आता?"

"येईल थोडा," मी म्हणाले.

"मग?"

"मग उतरेल."

तिने मुलाच्या कपाळावर हात ठेवला, आणि घर येईपर्यंत तो काढला नाही.